पुढचं नक्की माहीत नसताना पाऊल कसं टाकायचं: अधिक-उण्याचा हिशोब

गेल्या रविवारी भाची माझ्या इंदूरमधल्या सांवेर रोडच्या लॅबवर आली होती. लॅब म्हणजे दोन खोल्या, बाहेर टेबल आणि फायली, आत काचेचं दार लावलेली खोली जिचा एसी वर्षभर २० डिग्रीवर असतो, तिथे मी आसपासच्या कारखान्यांची मायक्रोमीटर, व्हर्निअर, डायल गेज अशी बारीक मापं घ्यायची साधनं तपासून देतो. भाची इथेच सुपर कॉरिडॉरवर आयटीत आहे, सहा वर्षं एकाच कंपनीत, आणि आता तिला पुण्याहून ऑफर आलीय. काम तिला हवं तसं, पगार थोडा जास्त, पण कंपनी नवीन, दोन वर्षांनी असेल की नसेल कुणी सांगू शकत नाही. पंधरा दिवस ताईच्या घरात दुसरा विषय नाही. ताई म्हणते नको, भाऊजी म्हणतात बघ बाई तुझं तू, आणि ही रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागी.

आल्या आल्या तिने विचारलं, "मामा, तू पीथमपूरची नोकरी सोडलीस तेव्हा तुला नक्की माहीत होतं का, हे चालेल म्हणून?"

"नाही."

"मग सोडलीस कशी?"

उत्तर म्हणून मी तिला टेबलावरचं एक कॅलिब्रेशन सर्टिफिकेट, म्हणजे साधन तपासल्याचा दाखला, दाखवलं, आणि मग आम्ही दोन तास जे बोललो ते इथे जरा नीट लिहून काढतोय, कारण हाच प्रश्न घेऊन बसलेले लोक मला सारखे भेटतात, कुणाची बदली, कुणाची कंपनी बंद होतेय, कुणाला नोकरी सोडून दुकान टाकायचंय, कुणी रिटायर होतंय आणि पुढे काय ते सुचत नाही.

तर सर्टिफिकेट. त्यात मायक्रोमीटरचं एक रीडिंग असतं, समजा २५.००१ मिमी, आणि शेजारच्या कॉलममध्ये लिहिलेलं असतं ± ०.००२. या कॉलमचं नावच आहे अनिश्चितता. म्हणजे खरं माप या आकड्याच्या थोडं अलीकडे-पलीकडे, या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी आहे, साधारण ९५ टक्के खात्रीने. जगातली कितीही मोठी लॅब असू दे, हा अधिक-उणे शून्य करता येत नाही, लहान करता येतो एवढंच. माझ्या धंद्यात अनिश्चितता घालवणं हे कामच नाही, ती किती आहे ते मोजायचं, लिहून द्यायचं, आणि समोरच्याचं काम तेवढ्यात भागतंय का ते बघायचं. आयुष्याच्या निर्णयात मात्र आपण म्हणतो आधी सगळं पक्कं होऊ दे मग बघू, आणि वर्षं जातात, पक्कं काही होत नाही.

आता डोकं असं का करतं ते आधी सांगतो, कारण भाचीला वाटत होतं की तीच भित्री आहे.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या लोकांनी २०१६ मध्ये एक प्रयोग छापला. ४५ माणसांना कॉम्प्युटरवर दगड दाखवायचे, त्याखाली साप आहे की नाही ते ओळखायचं, आणि साप निघाला की हाताला विजेचा झटका, दुखेल असा. सापाची शक्यता कधी कमी कधी जास्त करत राहायचे आणि माणसाला किती घाम फुटतोय, डोळ्याची बाहुली किती मोठी होतेय ते मोजायचे. तर सगळ्यात जास्त ताण कधी? झटका बसणारच हे पक्कं माहीत असताना नाही, बसेल की नाही हे अगदी पन्नास-पन्नास असताना. म्हणजे वाईट बातमी शरीर सोसतं, 'कळवतो' म्हणून टांगून ठेवलेलं सोसत नाही. ज्यांनी कधी बायोप्सीच्या रिपोर्टची वाट बघितलीय त्यांना हे सांगायला नको.

दुसरी गोष्ट याहून जुनी. १९६१ मध्ये डॅनियल एल्सबर्ग नावाच्या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने एक कोडं मांडलं. मातीची दोन मटकी समजा. एकात ५० लाल आणि ५० काळ्या गोट्या आहेत हे माहीत आहे. दुसऱ्यातही शंभर गोट्या, लाल-काळ्याच, पण किती लाल किती काळ्या ते कुणालाच माहीत नाही. लाल निघाली तर बक्षीस, हात कुठल्या मटक्यात घालणार? बहुतेक लोक पहिल्यात घालतात. बरं, रंग बदला, काळी निघाली तर बक्षीस म्हणा, तरी लोक पहिल्यातच हात घालतात! आता नीट बघा, दुसऱ्या मटक्यात लाल कमी असतील असं वाटत असेल तर काळ्या जास्त असायला हव्यात ना, मग काळीच्या वेळी तरी दुसरं मटकं घ्यायला हवं. पण माणूस दोन्ही वेळा टाळतो, म्हणजे त्याचं भांडण लाल-काळ्याशी नाहीच, 'माहीत नाही' या गोष्टीशी आहे. जे माहीत नाही ते आपण न बघताच वाईटाच्या खात्यात टाकतो. भाचीचं तेच झालं होतं, पुण्याची कंपनी बुडेल असा तिच्याकडे एकही पुरावा नव्हता, आणि इथली टिकेल याचा तरी कुठे होता, पण इथलं मटकं ओळखीचं.

त्यात भर म्हणजे तोटा आपल्याला फायद्यापेक्षा मोठा दिसतो, कानमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ पासून हे बारकाईने मांडलंय, त्यांच्या हिशोबात हजार रुपये गेल्याचं दुःख हजार मिळाल्याच्या आनंदाच्या जवळजवळ दुप्पट भरतं. म्हणून बदलाचा विचार करताना काय जाणार याची यादी आपोआप लांब होते आणि काय येणार याची तोकडी राहते. हा स्वभावदोष नाही, सगळ्यांचा तराजू असाच आहे.

आता करायचं काय. मी माझ्या धंद्यातल्या रीतीच सांगतो, कारण मला त्याच येतात आणि त्यांनीच मला नोकरी सोडली त्या वर्षी तारलं.

पहिली रीत, गरम जॉब (मशिनवर बनतो तो तुकडा) मोजायचा नाही. ग्राइंडिंगवरून आत्ताच उतरलेला तुकडा हातात घेऊन माप घेतलं तर ते चुकणारच, कारण स्टील गरम झालं की वाढतं. १०० मिमीचा तुकडा २० डिग्रीऐवजी ४० डिग्रीवर असेल तर साधारण २३ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) मोठा येतो, आणि आपल्या इंदूरच्या मे महिन्यात ४० म्हणजे शॉपफ्लोअरवर काहीच नाही. म्हणून आलेला माल आम्ही आतल्या खोलीत काही तास नुसता ठेवून देतो, त्याला सोकिंग म्हणतात. पीथमपूर म्हणजे इंदूरजवळचा कारखान्यांचा पट्टा, तिथल्या माझ्या कंपनीने २०१८ मध्ये आमची लाइन दुसऱ्या राज्यात न्यायचं जाहीर केलं, तिकडे चला नाहीतर हिशोब घ्या, मी सतरा वर्षं क्वालिटीत काढलेली, त्या संध्याकाळी घरी येऊन बूटसुद्धा न काढता राजीनामा टाइप करायला बसलो. बायकोने येऊन लॅपटॉपचं झाकण लावलं आणि म्हणाली, "दहा दिवसांनी हेच लिहावंसं वाटलं तर मीच पाठवेन." तिने भांडण केलं नाही, समजूत घातली नाही, फक्त थंड होऊ दिलं. दहा दिवसांनी मी राजीनामाच दिला, पण तोपर्यंत तारीख बदलली होती, रजा किती शिल्लक आहे ते बघितलं होतं, हिशोबात काय काय मिळणार ते लिहून घेतलं होतं.

दुसरी रीत, रीडिंग एकदाच घ्यायचं नाही, पण शंभर वेळाही घ्यायचं नाही. याचं गणित आहे. एकाऐवजी चार रीडिंग घेतली की सरासरीतली डगमग निम्मी होते, पण आणखी निम्मी करायला सोळा लागतात, आणि दहावा हिस्सा करायला शंभर. म्हणजे पहिल्या चार-पाच माणसांना विचारून जे कळतं तेवढं पुढच्या चाळिसांकडून कळत नाही, भाचीने एकतीस जणांना विचारलं होतं (तिनेच मोजून सांगितलं) आणि विसाव्यानंतर नवीन असं काहीच हाती आलं नव्हतं, फक्त झोप गेली होती. आणि यातली खरी ग्यानबाची मेख पुढे आहे. गेजच चुकीचं असेल तर त्याच गेजने हजार वेळा मोजलं तरी चूक जात नाही, उलट सगळी रीडिंग सारखी आल्यामुळे आपल्याला ती खरी वाटायला लागते. भाचीने विचारलेले एकतीस जण कोण? मावशा, काका, इथल्याच कंपनीतले मित्र, म्हणजे सगळे इंदुरात राहिलेले आणि नोकरी न बदललेले. वेगळं गेज हवं, त्या नव्या कंपनीतून सोडून गेलेला कुणी, तिथे तीन वर्षं टिकलेली एखादी मुलगी. अशी दोन माणसं त्या एकतिसांपेक्षा जास्त सांगतील.

तिसरी रीत मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि लोक नेमकी हीच सोडून देतात. टॉलरन्स. ड्रॉइंगवर लिहिलेलं असतं की या जॉबला किती चूक चालेल, फाटकाची बिजागरी असेल तर एक मिमीसुद्धा चालतो, फ्युएल पंपाचा प्लंजर असेल तर दोन मायक्रॉनवर भांडण होतं. माप किती पक्कं हवं ते टॉलरन्स ठरवतो, जनरल शिरस्ता असा की टॉलरन्सच्या दहाव्या हिश्शापर्यंत मोजता आलं की पुरे. मग आपल्या निर्णयाला टॉलरन्स किती आहे, म्हणजे किती उलटं झालं तरी घर मोडणार नाही, हा आकडा आधी हवा. तो काढला की बऱ्याचदा कळतं की एवढी खात्री लागतच नव्हती.

आम्ही दोघांनी एका रात्री डायनिंग टेबलावर बसून घरखर्चाचा खरा आकडा काढला, अंदाज नाही, तीन महिन्यांची बँकेची पानं समोर ठेवून, दूध, पेट्रोल, मुलाची फी, आईची औषधं, सुदामा नगरच्या घराचा हप्ता. मग येणारी रक्कम. ग्रॅच्युइटीचं सूत्र साधं आहे, शेवटचा बेसिक आणि डीए मिळून जो पगार, त्याला २६ ने भागायचं, १५ ने गुणायचं, आणि नोकरीच्या वर्षांनी गुणायचं. समजा तो पगार २६,००० असेल तर वर्षाला १५,००० आणि सतरा वर्षांचे २,५५,०००. कायमच्या नोकरीत पाच वर्षं भरली की हा हक्क लागतो, म्हणून पाचाला दोन-तीन महिने कमी असताना सोडू नका, ही साधी गोष्ट आहे पण मी डोळ्यांनी लोकांना चुकताना बघितलंय.

आणि आरोग्य विमा! कंपनीची ग्रुप पॉलिसी नोकरीबरोबर जाते. स्वतःची नवीन घेतली तर आधीपासून असलेल्या आजारांना वेटिंग पिरियड लागतो, २०२४ च्या नियमांप्रमाणे जास्तीत जास्त तीन वर्षं, आणि तो घड्याळासारखा पॉलिसी घेतल्या दिवसापासून सुरू होतो. म्हणून घरात शुगर-बीपी असेल तर स्वतःची पॉलिसी नोकरीत असतानाच घेऊन ठेवा, बदलाचा विचार नुसता डोक्यात आला तरी घ्या. नंतर घाईत घेतलेली पॉलिसी ऐन वेळी कामी येत नाही.

हे सगळं मांडून आमचा टॉलरन्स निघाला अकरा महिने. अकरा महिने एक रुपया आला नाही तरी चाललं असतं, त्यानंतर मला कुठेही जाऊन नोकरी धरावी लागली असती, आणि क्वालिटीच्या माणसाला पीथमपूरमध्ये काहीतरी मिळतंच. पुढचं अजून काहीच पक्कं झालेलं नव्हतं, तरी त्या रात्री मी कितीतरी आठवड्यांनी नीट झोपलो.

इथे एक गोष्ट मनापासून सांगायचीय. लोक म्हणतात धाडस लागतं. मला वाटतं धाडसापेक्षा टॉलरन्स लागतो, आणि तो सगळ्यांना सारखा मिळालेला नसतो. ज्याच्या घरी दुसरा पगार आहे, स्वतःचं छप्पर आहे, तो उडी मारतो आणि त्याला आपण हिंमतवाला म्हणतो, आणि ज्याच्यावर चार माणसं आहेत, कर्ज आहे, तो थांबतो तर त्याला भित्रा म्हणतो, हे बरोबर नाही. ज्याचा टॉलरन्स कमी त्याने आधी तो वाढवायचा, एक कर्ज फेडायचं, दोन महिन्यांचा खर्च बाजूला टाकायचा, ही सुद्धा पुढे जाण्यातलीच पावलं आहेत.

चौथी रीत ट्रायल लॉट. नवीन डाय, म्हणजे साचा, आली की कुणी पहिल्याच दिवशी दहा हजार नग काढत नाही, पाच काढतात, मोजतात, डाय थोडी घासतात, परत पाच. मी शिल्लक रजेतले दहा दिवस घेतले आणि वही घेऊन सांवेर रोडवर हिंडलो, तेवीस युनिट. 'लॅब काढली तर काम द्याल का' असं विचारलं नाही, त्याला सगळे हो म्हणतात. विचारलं की गेज तपासायला कुठे पाठवता, परत यायला किती दिवस लागतात, तोवर काम कसं करता. नऊ जणांनी सांगितलं की दोन-दोन आठवडे लागतात आणि तोवर ऑपरेटर शेजारच्या युनिटमधून व्हर्निअर मागून आणतो. दोघांनी तिथल्या तिथे डबा हातात दिला की घेऊन जा आणि तपासून आणून दे. पहिले आठ महिने माझी लॅब नव्हतीच, मी स्कूटरवर माल उचलायचो, मान्यताप्राप्त लॅबमधून करून आणायचो आणि मध्ये माझं थोडं कमिशन. त्या आठ महिन्यांत कळलं की मी ज्याला मुख्य काम समजत होतो ते मायक्रोमीटर कमी आणि प्रेशर गेज ढिगाने येतात. कागदावर दहा वर्षं विचार केला असता तरी हे कळलं नसतं, काही माहिती फक्त चालायला लागल्यावरच मिळते. लॅब मोठ्या पैशाने आधी काढली असती तर चुकीची मशिनं घेऊन बसलो असतो.

ट्रायल घेता येतच नाही अशाही गोष्टी असतात, मूल होऊ द्यायचं का, आईवडिलांना इकडे आणायचं का. पण आपण समजतो त्यापेक्षा त्या कमी असतात, आणि बाकीच्यांत 'परत फिरता येईल का, आणि फिरायला किती लागेल' एवढं विचारलं तरी पुरतं.

अगदीच पन्नास-पन्नास असेल तर? शिकागोच्या स्टीव्हन लेव्हिट या अर्थतज्ज्ञाने नाणं उडवायला लावलं होतं, खरंच, नोकरी सोडू का, नातं तोडू का अशा प्रश्नांत अडकलेल्या लोकांना, वीस हजारांहून जास्त वेळा. सहा महिन्यांनी बघितलं तर ज्यांनी मोठा बदल केला ते जैसे थे राहिलेल्यांपेक्षा जास्त समाधानी होते. यावरून सगळ्यांनी राजीनामे द्या असा अर्थ काढू नका, ते लोक आधीच काठावर उभे होते. पण काठावर खूप दिवस उभे असाल तर एवढं लक्षात घ्या की काठावरच्या माणसाचं डोकं थांबण्याकडे झुकलेलं असतं.

आता जे आपल्या हातात नाहीच त्याबद्दल. इंदुरात राहून हुकुमचंद या कापड मिलबद्दल न बोलणं मला जमणार नाही. मिल १९९१ मध्ये बंद पडली. कामगारांच्या थकलेल्या पैशांची केस चालत राहिली, चालत राहिली, आणि साधारण ४,८०० कामगारांच्या २२४ कोटींचा चेक दिला गेला २५ डिसेंबर २०२३ ला, बत्तीस वर्षांनी. कितीतरी माणसं तोवर गेली, पैसे त्यांच्या बायका-मुलांच्या हातात आले. त्यांचं थांबणं हा त्यांचा दोष नव्हता, ती अनिश्चितता त्यांच्यावर लादलेली होती, आणि ± चा कॉलम भरणं कुठल्याच कामगाराच्या हातात नव्हतं. आमच्या गल्लीत जुन्या मिलवाल्यांची दोन घरं आहेत, तारखेला कोर्टात जायचे आणि परत येऊन शिलाई मशीनवर बसायचे. केस सोडली नाही, आणि केसच्या भरवशावर चूलही ठेवली नाही. अनंत चतुर्दशीला मिलच्या झाक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, अजून निघतात, मिल बंद होऊन तीन दशकं झाली तरी. ज्याचा निकाल दुसऱ्याच्या टेबलावर आहे त्याची फाइल जिवंत ठेवायची, आणि दिवसाचे बाकीचे तास आपल्या टेबलावरच्या कामाला द्यायचे, याहून चांगलं मला काही सुचत नाही.

आणखी एक, याबद्दल कुणी बोलत नाही. विल्यम ब्रिजेस या अमेरिकन माणसाने फरक करून सांगितलाय की बदल बाहेर होतो, एका दिवसात होतो, पण माणसाचं स्थित्यंतर आत होतं आणि त्याला वेळ लागतो, आणि त्याची सुरुवात शेवटाने होते, मग एक मधला काळ येतो, जुनं सुटलेलं आणि नवं धरलेलं नाही. माझा तो काळ सात-आठ महिन्यांचा होता. कंपनीची बस पहाटे पावणेसहाला अन्नपूर्णाच्या स्टॉपवर यायची, मी नोकरी सोडल्यावरही सव्वापाचला उठत होतो आणि बाल्कनीत उभा राहत होतो. लग्नाकार्यात कुणी विचारलं सध्या काय करता, की घशाशी यायचं. मला वाटायचं निर्णय चुकला. चुकला नव्हता, मधला काळ चालू होता. या काळात रोजचं एखादं तरी काम ठरलेल्या वेळेला करा, मी रोज दहा वाजता एका नवीन युनिटचा दरवाजा वाजवायचो, काम मिळो न मिळो, आणि त्याने दिवसाला कणा राहायचा.

भाचीने हे सगळं ऐकून माझ्याच वहीचं पान फाडून घेतलं. पुण्याचं भाडं, येण्याजाण्याचा खर्च, तिच्याकडची शिल्लक, टॉलरन्स निघाला सात महिने. तिथून सोडून गेलेल्या एका मुलीला तिने लॅबमधूनच मेसेज टाकला. सोमवारी नव्या कंपनीला सरळ विचारलं की पगार देत राहायला तुमच्या हातात किती महिन्यांचे पैसे आहेत, मला वाटलं होतं ते चिडतील, पण त्यांनी सांगितलं, साधारण चौदा. तिने पानावर १४ लिहिलं आणि पुढे स्वतःच ± ४ लिहून मला फोटो पाठवला. गुरुवारी रात्रीच्या बसने ती दोन दिवसांसाठी पुण्याला जातेय, त्या टीमबरोबर बसून बघायला, आणि हो-नाही कळवायची तारीख तिने पुढच्या बुधवारची मागून घेतलीय.